लेकॉकचा मठ: एक सरदारीण, एक टांकसाळचोर आणि एक खिडकी

लेजरबाई

लेकीकडे स्विंडनला तीन महिने राहून गेल्या आठवड्यात सांगलीला परतले. इंग्लंडहून आल्यावर बिग बेनसमोरचे फोटो टाकायची पद्धत आहे हे ठाऊक आहे, पण माझ्या डोक्यात वेगळंच काही बसलंय. ते एकदा लिहून काढते, म्हणजे जावई सुटतील. त्यांनी हे चार वेळा ऐकलंय.

चिपनमपासून पाचेक किलोमीटरवर लेकॉक नावाचं गाव आहे. चार गल्ल्या, दगडी आणि लाकडी चौकटीची घरं, रस्त्यावर विजेची एक तार दिसत नाही. गावाच्या कडेला एक मोठं घर आहे. घर म्हणायचं, पण दारातून आत वळलात की एकदम चौक लागतो. चारही बाजूंनी कमानींची ओसरी, वर दगडी छत, छताच्या सांध्यासांध्यावर कोरलेली फुलं, प्राणी, वेडेवाकडे चेहरे. हा आठशे वर्षांपूर्वीच्या जोगिणींच्या मठाचा चौक. त्याच्या डोक्यावर जमीनदाराचा बंगला बसवलाय. खाली मठ, वर दिवाणखाना. आपल्याकडे वाड्याच्या जोत्यावर फ्लॅट स्कीम उभी राहते, तसंच.

मठ बांधला एला नावाच्या बाईने. सॉल्झबरीची काउंटेस, तीही स्वतःच्या हक्काने, कारण बापामागे वारस ती एकटीच. नवरा विल्यम लाँगेस्पी, दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा, म्हणजे जॉन राजाचा सावत्र भाऊ. तो १२२६ मध्ये वारला. एवढी जहागीर हाताशी असलेल्या विधवेला मागण्या येणारच, पण बाईने पुन्हा लग्न केलं नाही. उलट काही काळ विल्टशर परगण्याची शेरीफ म्हणून काम पाहिलं. महसूल, कचेरी, सगळं. तेराव्या शतकात! मग नवऱ्याच्या स्मरणार्थ दोन मठ स्थापले. सांगतात की १६ एप्रिल १२३२ या एकाच दिवशी सकाळी लेकॉकची पायाभरणी केली आणि दुपारी पंचवीसेक किलोमीटरवरच्या हिंटनची. हिंटन पुरुषांसाठी, लेकॉक बायकांसाठी. पुढे एला स्वतः लेकॉकमध्ये दाखल झाली, मठाची पहिली प्रमुख झाली आणि १२६१ मध्ये तिथेच गेली. तिची समाधिशिळा आज ओसरीत आहे. लोक फोटो काढायच्या नादात जवळजवळ तिच्यावरूनच चालतात.

मग तीनशे वर्षं मठ चालला. जमिनी, मेंढ्या, लोकर, आठवड्याचा बाजार. खोल्या पाहिल्या. एक खोली फक्त शेकोटीची, कारण जोगिणींना ऊब मिळायची ती तिथेच. त्या खोलीत एक अजस्र हंडा ठेवलाय, लग्नाच्या पंगतीचं वरण शिजेल एवढा. तो १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन गावी ओतलेला.

मग आला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्याच्यावर इथले जाणकार लिहितीलच, मी पळत जाते. १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करायचे ठरले. लेकॉकचं उत्पन्न १७० च्याही आत. जोगिणींनी सरकारात ३०० पौंड भरले आणि मुदतवाढ मिळवली. म्हणजे दीड वर्षाच्या मिळकतीहून जास्त! आणि ही वाढ टिकली किती? २१ जानेवारी १५३९ ला मठ सरकारजमा. पैसे परत नाहीत. शेवटच्या प्रमुख जोन टेम्स यांना वर्षाला ४० पौंड पेन्शन बांधून दिली.

आता माझा माणूस. विल्यम शॅरिंग्टन. दरबारातला हुशार गडी. त्याने १५४० मध्ये मठ ७८३ पौंडांना घेतला. पहिलं काम काय केलं, तर मठाचं चर्च पाडलं. पण चौक, ओसरी, शेकोटीची खोली, सभेची खोली तशीच ठेवून वरच्या मजल्यावर राहायचं घर केलं. कोपऱ्यात अष्टकोनी बुरूज चढवला, त्यात मौल्यवान चिजा ठेवायची भक्कम खोली.

चिजा कुठून आल्या? १५४६ पासून हा ब्रिस्टलच्या टांकसाळीचा कारभारी. कमी वजनाची नाणी पाडली, कडा कातरल्या, फरक खिशात. आणि ऐका, पकडला जाऊ नये म्हणून टांकसाळीच्या हिशेबाच्या वह्यांच्या खोट्या नकला तयार केल्या आणि मूळ वह्या नष्ट केल्या. चौतीस वर्षं बँकेत काढली मी. हे वाचून त्या बुरुजाखाली उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, थोडं कौतुकही वाटलं. लेजर बदलणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

त्यात तो राजकारणात अडकला. बालराजा सहाव्या एडवर्डचा मामा टॉमस सिमोर याच्या मनात सत्ता घ्यायची, त्याला पैसा हवा. शॅरिंग्टनने दहा हजार पौंडांची नाणी पाडून द्यायचं कबूल केलं. १५४९ च्या जानेवारीत झडती. शॅरिंग्टनने सगळं घडाघडा ओकलं. मार्चमध्ये सिमोरचं मुंडकं उडालं, आणि आमच्या गड्याला माफी! दंडाची मोठी रक्कम भरून जमिनी परत घेतल्या, तीन वर्षांत विल्टशरचा शेरीफसुद्धा झाला. लॅटिमरसारख्या नामांकित धर्मोपदेशकाने राजापुढच्या प्रवचनात त्याच्या पश्चात्तापाची वाहवा केली.

लेक म्हणते, आई, तुला त्या चोराचं एवढं काय? मला वाटतं ते असं. इंग्लंडातले किती मठ सज्जनांच्या डोळ्यांदेखत मातीला मिळाले. हा उभा राहिला, कारण एका लबाड माणसाला आयता दगडी तळमजला फुकट घालवणं परवडेना. त्यानंतरच्या प्रत्येक मालकाने हेच केलं. सोयीचं ठेवलं, गैरसोयीचं पाडलं. भक्तिभाव कुठेच नाही, आणि ओसरी मात्र शाबूत.

खिडकीचं राहिलं. दमले टंकून. प्रतिसादात लिहीन.

भोचक_भवानी

पहिली! मस्त लिहिलंय लेजरबाई. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. बुरुजातल्या खोलीत आता काय आहे ते सांगा. आणि फोटो?

वसईची_वेल

लेख आवडला. एक नम्र दुरुस्ती. ‘जोगिणी’ शब्द खटकला. आपल्याकडे जोगीण म्हटल्यावर डोळ्यांपुढे वेगळंच येतं. आम्ही वसईचे ख्रिस्ती मराठीत ‘धर्मभगिनी’ म्हणतो, घरात बोलताना सरळ सिस्टर. प्रमुखीणबाईंना मठमाता म्हणता येईल.

दुसरं, लेकॉकच्या भगिनी संत ऑगस्टिनच्या नियमाने राहणाऱ्या होत्या. जुन्या गोव्यातला तो अर्धा उरलेला उंच मनोरा पाहिलाय ना? तोही ऑगस्टिनियन मठाचाच. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि १८३५ मध्ये तो मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. तिथे कुणी शॅरिंग्टन भेटला नाही. लहानपणापासून वसईच्या किल्ल्यात बिनछपराची चर्चं बघतच वाढलो, त्यामुळे तुमचा तो मुद्दा मनात रुतला.

लेजरबाई

@वसईची_वेल, चूक कबूल. धर्मभगिनी. संपादकांना सांगून लेखात बदलायला हवं, पण मग तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल, म्हणून राहू देते.

@भवानी, बुरुजात अष्टकोनी दगडी मेज आहे. खाली उकिडवे बसलेले विचित्र प्राणी-माणसं ते डोक्यावर पेलतात. फोटो मोबाईलमध्ये आहेत, मोबाईल नातवाकडे आहे.

उगाच_एक

म्हणजे एका राजाला बायको बदलायची होती म्हणून एवढी देवळं पाडली. यावर चर्चा कसली करायची?

ताम्रपट

@उगाच_एक, बायकोचं प्रकरण निमित्तापुरतं खरं. पोप लग्न मोडू देईना म्हणून १५३४ मध्ये राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला, तिथे ते काम संपलं. त्यासाठी मठ पाडायची गरज नव्हती. मठ पाडले ते पैशासाठी, आणि किती पद्धतशीर! १५३५ मध्ये राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने देशभरच्या धार्मिक मालमत्तेची मोजदाद करवली. कुठल्या मठाची जमीन किती, धान्य किती, भाडं किती. ही पाहणी आजही इतिहासकारांना उपयोगी पडते. त्याच सुमारास तपासनीस फिरत होते, मठातली लफडी शोधायला. १५३६ मध्ये लहान मठांचा कायदा, आणि लगेच जप्त मालमत्ता सांभाळायला ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’ नावाचं स्वतंत्र खातं. नावच ‘वाढी’चं. १५४० पर्यंत आठशेच्या आसपास मठ संपले.

लेकॉकला आलेला तपासनीस जॉन ॲप राइस. त्याला लफडं काही सापडलं नाही. उलट त्याने क्रॉमवेलला कळवलं की इथल्या भगिनींचा नियमग्रंथ फ्रेंचमध्ये आहे, त्या तो नीट वाचतात आणि ती फ्रेंचही चालू बोलीतली नाही, जुन्या कायद्याच्या पोथ्यांमधली आहे. नॉर्मन सरदारांची भाषा बाहेर कधीच मागे पडली, भिंतींच्या आत तीनशे वर्षं टिकून राहिली. मला या सगळ्या कागदपत्रांत हा तपशील सगळ्यात आवडतो.

ज्यांनी मुकाट्याने सह्या केल्या त्यांना पेन्शन मिळाली. ग्लास्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना नोव्हेंबर १५३९ मध्ये गावाबाहेरच्या टेकडीवर फासावर दिलं. यॉर्कशरमधल्या फाउंटन्स मठाचा (स्थापना ११३२) सौदा लंडनच्या रिचर्ड ग्रेशम या व्यापाऱ्याशी झाला. अशा ठिकाणी छपराचं शिसं आधी काढायचे. शिसं वितळवून विकता येतं. शिसं गेलं की पाऊस आत, आणि पाऊस आला की पुढचं काम आपोआप. मग उरलेल्या दगडांवर गावकऱ्यांची घरं, गोठे, कुंपणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फाउंटन्सचेच दगड वापरून शेजारी एक हवेली उठली.

त्यामुळे लेजरबाईंच्या निष्कर्षाला माझं अर्धं अनुमोदन. मठाचं घर करून राहणारे बरेच होते, शॅरिंग्टन काही एकटा नव्हे. पण चौकाला हात न लावणारे फार थोडे.

आगाऊ_कार्टं

+१ ताम्रपट. अवांतर: ‘वाढीचं खातं’ आमच्या सोसायटीतही आहे, मेंटेनन्स म्हणतात.

डार्करूम

लेजरबाई खिडकीवर लिहिणार म्हणाल्या, पण माझा हात थांबत नाही, क्षमस्व. इचलकरंजीत वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. लाल दिव्यात ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना बघत मी मोठा झालो. त्या सगळ्याची गंगोत्री लेकॉकची ही खिडकी आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८०० ते १८७७) हा लेकॉकचा मालक. बाप तो पाच महिन्यांचा असताना वारला, इस्टेट कर्जात. घर भाड्याने दिलेलं. तो १८२७ मध्ये घरी परत आला. गणित, वनस्पती, प्रकाशशास्त्र, सगळ्यात गती. नव्हती ती चित्रकलेत. १८३३ मध्ये बायकोबरोबर इटलीत कोमो सरोवरावर असताना कॅमेरा ल्युसिडा नावाचं लोलकाचं साधन लावून चित्र काढायचा प्रयत्न केला. कागदावर नुसत्या केविलवाण्या रेघोट्या. तेव्हा त्याच्या मनात आलं की हे दृश्य कागदावर स्वतःच उमटून राहिलं तर?

घरी येऊन कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवून सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा, असे प्रयोग सुरू. कॅमेऱ्याच्या मोठ्या पेटीत उजेड पुरेना म्हणून चिमुकल्या लाकडी पेट्या करून घेतल्या. त्या घरभर ठेवलेल्या बघून बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये अशाच एका सापळ्यात दक्षिणेकडच्या दालनातली जाळीदार खिडकी सापडली. टपाल तिकिटाएवढा कागद. उजेड काळा, सावली पांढरी. आज अस्तित्वात असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. कागद वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलाय, खिडकी मात्र जागेवर.

खरी करामत उलटेपणात आहे. फ्रान्सच्या दागेरची पद्धत १८३९ च्या जानेवारीत जाहीर झाली. तिच्यातून तांब्याच्या चांदी चढवलेल्या पत्र्यावर आरशासारखं सुंदर चित्र यायचं, पण एकच. प्रत नाही. टॅल्बटच्या कागदाची उजेडात दुसऱ्या कागदावर छाप घेतली की उलटं सुलटं व्हायचं, आणि कितीही प्रती. १८४० मध्ये त्याला आणखी एक शोध लागला. थोडाच वेळ उजेड दाखवलेल्या कागदावर चित्र दडून बसलेलं असतं, ते रसायनाने बाहेर काढता येतं. १८४१ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. आमच्या ट्रेमध्ये माणूस उमटायचा तो याच न्यायाने. ‘निगेटिव्ह’ हा शब्द त्याचा मित्र जॉन हर्शेल याने रूढ केला, आणि हायपो फोटो पक्का करतो हेही हर्शेलनेच दाखवलं. “हायपो संपला” ही आमच्या घरातली आणीबाणीची घोषणा होती, तिचा उगम मला फार उशिरा कळला.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रं काढायचे. खिडकीनंतर पुरती वीस वर्षंही झाली नव्हती.

भोचक_भवानी

दंडवत घ्या डार्करूम. उंदराचे सापळे फारच भारी.

उगाच_एक

प्रतिसाद काढून टाकला आहे.

रेडिंगकर

तेरा वर्षं इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये आहे. इथे मराठी मंडळी भरपूर, पण आपल्या शहराच्या मधोमध राजाने बांधलेला मठ आहे हे निम्म्यांना ठाऊक नसतं. पहिल्या हेन्रीने ११२१ मध्ये स्थापलेला, त्याला पुरलंही तिथेच. शेवटचे मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन यांनाही नोव्हेंबर १५३९ मध्येच फाशी झाली, ग्लास्टनबरीच्या आगेमागे. आता काय उरलंय, तर वरचा घडीव दगड सोलून नेल्यावर आतला गारगोटीचा भराव. दात काढलेल्या हिरड्यांसारख्या भिंती. मठाच्या एका दरवाज्यावरच्या खोल्यांत पुढे मुलींची शाळा भरायची, तिथे १७८५ च्या सुमारास कादंबरीकार जेन ऑस्टिन काही महिने शिकली. आवाराच्या दुसऱ्या भागावर १८४४ मध्ये तुरुंग उभा राहिला, त्यात लेखक ऑस्कर वाइल्डने शिक्षा भोगली. लेकॉकला जे नशीब मिळालं ते सगळ्यांना नाही.

आणि डार्करूम, तुमच्यासाठी खास. टॅल्बटचा जुना नोकर निकोलास हेनेमन याने १८४४ मध्ये फोटोच्या प्रती छापायचा कारखाना काढला तो रेडिंगमध्येच. उजेडावर छपाई, म्हणजे ऊन पडलं तर काम. इथलं ऊन बघता त्या माणसाच्या धाडसाला सलाम. दोन-तीन वर्षांत गुंडाळलं.

आगाऊ_कार्टं

इतका वेळ कुणीच कसं बोललं नाही? तिथे हॅरी पॉटरचं शूटिंग झालंय! ती शेकोटीची खोली म्हणजे क्विरेल मास्तरांचा वर्ग. माझ्या बहिणीला लेकॉक म्हटल्यावर बाकी काही ठाऊक नाही.

लेजरबाई

@आगाऊ_कार्टं, झालंय ना. हंड्यापाशी दहा-बारा वर्षांची पोरं झगे घालून काठ्या फिरवत होती. मला आधी राग आला. मग वाटलं, पंधराशे सालच्या हंड्याला तरी कुणी विचारतंय.

डार्करूम, तुम्ही माझं काम हलकं केलंत. राहिलेलं सांगते.

शॅरिंग्टननंतर मालमत्ता भावाकडे गेली. भावाची मुलगी ऑलिव्ह. तिचं प्रेम जॉन टॅल्बटवर, आणि बापाचा नकार. कथा अशी की एका रात्री तो खाली उभा, ही वर तटावर. म्हणाली, मी उडी मारते. त्याला वाटलं, बोलते नुसती. हिने खरंच मारली! वाऱ्याने घागरा फुगला म्हणून वेग कमी झाला, पण टॅल्बट तिच्याखाली सापडून बेशुद्ध. बाप धावत आला आणि म्हणाला, एवढी उडी मारलीच आहेस तर कर लग्न. ऑब्री नावाच्या जुन्या लेखकाने ही गोष्ट लिहून ठेवलीय. तिखटमीठ त्याचं किती, देव जाणे. लग्न मात्र खरं, त्यातूनच घर टॅल्बटांकडे आलं.

अठराव्या शतकात गंमत झाली. जुन्या मठांची भग्न शोभा फॅशनमध्ये आली. तेव्हाच्या टॅल्बटने सँडरसन मिलर या हौशी वास्तुविशारदाकडून नव्याने ‘जुन्या’ धाटणीचं मोठं दालन बांधून घेतलं. म्हणजे खऱ्या मठाच्या डोक्यावर खोटा मठ! कोनाड्यांतून भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यातल्या एका बोकडाच्या नाकावर साखरेचा खडा आहे. कुणा विद्यार्थ्याने थट्टेत ठेवला, तेव्हापासून परंपरा. मी दालनाची उंची वगैरे विसरले, खडा लक्षात आहे.

शेवटच्या मालकीण मटिल्डा, छायाचित्रवाल्या टॅल्बटची नात. १९४४ मध्ये त्यांनी घर आणि जवळजवळ अख्खं गाव जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं. म्हणून तारा दिसत नाहीत. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजसत्तेला लगाम घालणारी सनद, तिची १२२५ ची एक अस्सल प्रत या मठात ठेवायला दिलेली होती, विल्टशर परगण्याची. मठ गेला, मालक बदलले, चर्मपत्र घरातच. मटिल्डाबाईंनी तेही देशाला देऊन टाकलं, आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ताम्रपट

एक शंका. चर्च नेमकं कुठल्या बाजूला होतं? चौकाच्या उत्तरेला की दक्षिणेला?

लेजरबाई

दक्षिणेला. तिथे आता नुसती हिरवळ आहे. आणि यातच खरी मजा आहे, जी मला तिथून निघाल्यावर बसमध्ये कळली. चर्च पाडताना शॅरिंग्टनने त्याची उत्तरेकडची भिंत ठेवली, कारण तिला चौक टेकलेला. तीच घराची बाहेरची भिंत झाली. दोनशे ऐंशी-नव्वद वर्षांनी टॅल्बटने त्या बाजूला दालन सुधारलं, नवे सज्जे काढले, खिडक्या बसवल्या. त्यातली मधली छोटी, ती ही. चर्च उभं असतं तर त्या जागी ऊन पोचलंच नसतं.

डार्करूम

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तो फोटो बघतोय.

त्या निगेटिव्हशेजारी टॅल्बटने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्यांदा काढली तेव्हा भिंगातून खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या. तुम्ही मोजल्यात का?

लेजरबाई

मोजायला घेतल्या होत्या. बँकेची सवय. शंभराच्या पुढे गेले असेन, तेवढ्यात एक शाळेची सहल मध्ये उभी राहिली आणि आकडा हुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर लेक दारातून ओरडली, आई, बस!

ती बस चुकलीच. पुढची तासाने होती. परत आत जाऊन मोजू का विचारलं तर लेकीने नुसतं बघितलं माझ्याकडे.